सुखोई काढलं, पण दिसतं खेळण्यातलं: दोष कुठे शोधायचा

तक्रार दरवेळी तीच असते. कॉम्प्युटरवर काढलेलं लढाऊ विमानाचं चित्र जवळजवळ पूर्ण झालंय, आकार बरोबर आहे, राखाडी रंगही जमलाय, आठ-दहा तास त्यात गेलेत, तरी विमान प्लास्टिकचं वाटतं. मग काढणारा आणखी रिव्हेट (पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी) टाकतो, पॅनलच्या, म्हणजे पत्र्याच्या तुकड्यांच्या, रेघा गडद करतो, पंखांवर ओरखडे ओढतो आणि विमान जास्तच खेळण्यातलं दिसायला लागतं. वांग्याच्या भरतात मिरची जास्त झाली असेल तर वरून आणखी मिरची घालून ते सुधारत नाही, तसंच हे.

तपशील कमी पडले म्हणून खेळणेपणा येतो, ही समजूत चुकीची आहे. समोरचं यंत्र २२ मीटरचं आहे की ३० सेंटिमीटरचं, हे डोळा चार-पाच खुणांवरून ठरवतो. त्या खुणा मॉडेलच्या मापाच्या पडल्या असतील, तर वर कितीही रिव्हेट मारले तरी डोळा फसत नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी कॅमेरा, मग उजेड, मग रेघांची जाडी, मग पृष्ठभाग आणि डाग-मळ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके डाग-मळापासून सुरुवात करतात.

खालची सगळी गणितं एका उदाहरणावर आहेत: आपल्या हवाई दलाचं सुखोई एसयू-३०एमकेआय, लांबी सुमारे २१.९ मीटर, पंखविस्तार १४.७ मीटर. कॅनव्हास ६००० बाय ४००० पिक्सेल आणि त्यात विमान बाजूने ४००० पिक्सेल लांब. म्हणजे एक पिक्सेल साधारण साडेपाच मिलिमीटरचा. हा आकडा कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा, पुढे सारखा लागणार आहे. सॉफ्टवेअर क्रिता असो, फोटोशॉप असो की गिम्प, फरक पडत नाही.

पहिली चाचणी: लहान करून बघा

चित्राची एक प्रत काढा, रंग काढून टाका आणि ती ३०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करा. या मापात एकही रिव्हेट दिसत नाही, फक्त आकार आणि उजेड-सावली उरते.

इतक्या लहान चित्रातही विमान खेळण्यातलं वाटत असेल, तर दोष कॅमेऱ्यात किंवा उजेडात आहे. तपशिलाच्या लेअरला (चित्राच्या वेगळ्या थराला) हातही लावू नका. लहान चित्र खरं वाटतंय आणि मोठं केल्यावरच प्लास्टिक दिसतंय, तर दोष रेघांत किंवा पृष्ठभागात आहे. या एका चाचणीने अर्धं काम वाचतं.

चित्र आडवं उलटं करून बघायची सवयही चांगली, वाकडेपणा लगेच कळतो. पण उलटं केलेलं चित्र तसंच ठेवून पुढे काम करू नका. विमान दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. सुखोईची आत जाणारी इंधननळी (उडताना दुसऱ्या विमानातून इंधन घ्यायची) नाकाच्या डाव्या बाजूला, काचेसमोरचा गोल सेन्सर किंचित उजवीकडे आणि तोफेचं तोंड उजव्या पंखाच्या मुळाशी. राफेलची न मिटणारी इंधननळी उजवीकडे. डावं-उजवं हे वैमानिकाच्या बाजूने. एअर शोचे फोटो पाठ असलेला प्रेक्षक ही चूक दोन सेकंदांत पकडतो.

कॅमेरा: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष

विमानाचं नाक तुमच्याकडे आहे आणि शेपूट दूर. तुम्ही नाकापासून ३० मीटरवर उभे असाल, तर शेपूट ५२ मीटरवर. म्हणजे नाकाजवळची एक मीटरची वस्तू शेपटीजवळच्या एक मीटरच्या वस्तूपेक्षा १.७ पट मोठी दिसणार. तुम्ही ३०० मीटरवर असाल तर शेपूट ३२२ मीटरवर, आणि फरक फक्त ७ टक्क्यांचा.

आता १:७२ मापाचं सुखोईचं मॉडेल घ्या. लांबी ३० सेंटिमीटरच्या आसपास. ते टेबलावर ठेवून ४० सेंटिमीटरवरून बघितलं, तर जवळचं टोक ४० वर आणि लांबचं ७० वर, पट १.७५. म्हणजे टेबलावरचं मॉडेल आणि ३० मीटरवरून काढलेलं उडतं विमान, दोघांचा पर्स्पेक्टिव्ह जवळजवळ एकच. उडणारं लढाऊ विमान ३० मीटरवरून पाहण्याचा योग बहुतेकांना येत नाही, पण मॉडेल सगळ्यांनी हातात धरलेलं असतं. त्यामुळे डोळा ‘मॉडेल’ असाच निकाल देतो.

हा दोष शिरतो दोन वाटांनी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याची लेन्स मुळात ५० मिलिमीटरवर असते. विमान फ्रेममध्ये मोठं दिसावं म्हणून आपण कॅमेरा जवळ सरकवतो, आणि झालं. दुसरी वाट म्हणजे दोन फोटो मिसळणं: नाक जवळून काढलेल्या फोटोवरून, शेपूट लांबून काढलेल्या फोटोवरून. दोन्ही भाग आपापल्या जागी बरोबर असतात, मिळून मात्र विमान कमरेत मोडल्यासारखं दिसतं.

उपाय असा. कॅमेरा ३०० मीटर मागे न्या आणि लेन्स ४०० मिलिमीटर करा. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर बाजूने दिसणारं सुखोई २९ मिलिमीटर जागा घेतं, म्हणजे फ्रेमचा सुमारे ८० टक्के भाग भरतो. ब्लेंडर वापरत नसाल तर क्रिताच्या पर्स्पेक्टिव्ह सहायकात दोन्ही लोपबिंदू (समांतर रेघा जिथे मिळतात ते बिंदू) कॅनव्हासच्या खूप बाहेर, रुंदीच्या सात-आठ पट अंतरावर ठेवा. बघायला सपाट वाटेल, पण खरे फोटो असेच सपाट असतात. कसरतीचा थरार हवा असेल तर तो विमानाच्या कलण्यातून आणा, लेन्समधून नाही.

विमानाजवळ उडणाऱ्या दुसऱ्या विमानातून काढलेलं दृश्य दाखवायचं असेल, तर जवळचा कॅमेरा चालतो. मग तिथली दुसरी खूण सांभाळा: पूर्ण विमान स्पष्ट ठेवा.

कारण ब्लर हा खेळणेपणाचा सख्खा भाऊ. नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर केली की चित्र ‘सिनेमासारखं’ होतं असं वाटतं, पण तसा उथळ फोकस फक्त हातभर अंतरावरच्या वस्तूला येतो. ४०० मिलिमीटर लेन्स, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि ३०० मीटर अंतर धरलं, तर साधारण २०७ मीटरपासून ५४५ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्यात विमान पंधरा वेळा बसेल. नाकावरच्या पिटो नळीपासून मागच्या नोझलपर्यंत (इंजिनाच्या तोंडापर्यंत) फोकसचा ब्लर शून्य. वेग दाखवायचा तर मागची जमीन आडवी ओढा, विमान नको.

मापाची शेवटची खूण म्हणजे वैमानिकाचं डोकं. हेल्मेट २८ ते ३० सेंटिमीटर धरलं तर आपल्या कॅनव्हासवर ते ५० ते ५५ पिक्सेल येतं. बहुतेक चित्रांत ते ८०-९० असतं, कारण चेहरा काढायचा मोह आवरत नाही. डोकं दीडपट झालं की विमान तेवढ्याच पटीने लहान वाटतं. एका फ्रेममध्ये दोन जातींची विमानं असतील तर हाच हिशेब पुन्हा: तेजस १३.२ मीटर, म्हणजे सुखोईच्या ६० टक्के. दोघं शेजारी सारख्याच लांबीचे काढले तर सुखोईचं वजन जातं.

उजेड: पोट काळं नसतं

लहान केलेल्या चित्रात विमानाची खालची बाजू एकसंध काळी दिसत असेल तर तो स्टुडिओतल्या दिव्याचा उजेड आहे, आकाशातला नाही. उघड्यावर विमानाला तीन दिवे असतात: सूर्य, निळं आकाश आणि खालची जमीन किंवा ढग. वरच्या सावल्या आकाशामुळे निळसर होतात आणि पोट जमिनीच्या रंगाने उजळतं.

खानदेशातल्या पार्श्वभूमीवर हे फार छान दिसतं. मे महिन्यात नांगरून टाकलेली काळी कपाशीची जमीन उजेड पिते, त्यामुळे तिच्यावरून जाणाऱ्या विमानाचं पोट गडद, तपकिरी छटेचं. तेच विमान रावेर-यावलच्या केळीच्या बागांवर आलं की पोटाला हलकी हिरवी छटा येते. फार नाही, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, भडकपणा) पाच-सहा टक्के वाढवलं तरी पुरे. हतनूर धरणाच्या पाण्यावर किंवा पावसाळी पांढऱ्या ढगावर असेल तर पोट जवळजवळ बाजूइतकंच उजळ. वेगळ्या लेअरवर मऊ मोठ्या ब्रशने, स्क्रीन मोडमध्ये (खालचं उजळ करणाऱ्या) १५ ते २५ टक्क्यांवर हा परतीचा उजेड द्या.

सूर्य कुठे आहे तेही ठरवा. जळगावचा अक्षांश २१ अंश, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तापलेली उजाड शेतं, जमिनीवर झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या, आणि विमानावर मात्र डावीकडून तिरपा सोनेरी उजेड: हा घोळ नेहमीचा आहे. तिरपा उजेड हवा असेल तर सकाळी साडेसात-आठची वेळ धरा आणि जमिनीवरच्या सावल्याही लांब करा.

विमानाची जमिनीवरची सावली कधीच कात्रीने कापल्यासारखी नसते. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाचा गोळा आहे, त्यामुळे सावलीची कड उंचीच्या सुमारे १०८ व्या भागाइतकी पसरते. ३०० मीटर उंचीवर ही धूसर झालर पावणेतीन मीटरची होते. कडक कडेची सावली म्हणजे विमान जमिनीपासून हातभर वर आहे, असाच त्याचा अर्थ लागतो.

धुरळा हा यातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग. दृश्यमानता १० किलोमीटर असेल, तर ३०० मीटरवरचं विमानसुद्धा आपला ११ टक्के काँट्रास्ट गमावतं. म्हणजे इनटेकच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाच्या) आतला अंधार, टायर, नोझलचा गाभा, यातलं काहीच शुद्ध काळं नसतं. ० ते २५५ च्या मापात विमानावरची सगळ्यात गडद जागा ३५ ते ५० च्या दरम्यान ठेवा. स्वच्छ दिवसाला ३५, उन्हाळी धुरकट दिवसाला ५० किंवा थोडं जास्तच. शून्याजवळचा काळा फक्त टेबलावरच्या वस्तूत दिसतो, कारण मधे हवा नसल्यात जमा. इतकी एक दुरुस्ती करून लहान चित्र पुन्हा बघा. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

याच हिशेबाने मागचा सातपुडा. १० किलोमीटरच्या दृश्यमानतेत २० किलोमीटरवरचा डोंगर दिसतच नाही. निळीशार, धारदार सातपुड्याची रांग हवी असेल तर चित्र पाऊस उघडल्यानंतरचं, सप्टेंबर-ऑक्टोबरचं करा, आणि मग जमीनही हिरवी करा.

जवळून बघितल्यावरच प्लास्टिक: रेघांचा हिशेब

आता तो कडेला चिकटवलेला आकडा वाचा: एक पिक्सेल म्हणजे साडेपाच मिलिमीटर. तीन पिक्सेलची काळी पॅनल रेघ म्हणजे १६ मिलिमीटरची फट. त्या फटीत बोट जाईल. प्लास्टिकच्या मॉडेलवर नेमकं हेच होतं: साच्यात कोरलेली खाच मूळ विमानाच्या मापात नेली तर बोटभर रुंद होते, आणि वर मॉडेल करणारे तिच्यात काळा वॉश (पातळ रंग) भरतात. मॉडेलचे फोटो संदर्भाला घेतलेत तर ती खाचही चित्रात येणार. संदर्भ खऱ्या विमानाचाच हवा.

रेघांचे तीन थर करा, तीन वेगळ्या लेअरवर.

पहिला थर हलणाऱ्या भागांचा: फ्लॅप (पंखामागची हलणारी पट्टी), रडर (उभ्या शेपटीवरची), कॅनार्ड (पंखापुढचे छोटे पंख), आडवी शेपूट, चाकांची दारं. इथे खरोखर १० ते २० मिलिमीटरची फट असते. रेघ २ ते ४ पिक्सेल, गडद चालेल, पण कॅनार्डच्या बिजागरीजवळ बारीक आणि टोकाकडे रुंद अशी बदलती.

दुसरा थर देखभालीसाठी उघडणाऱ्या झाकणांचा. १ पिक्सेल, मल्टिप्लाय (खालचं गडद करणारा मोड), ओपॅसिटी (अपारदर्शकता) २५ ते ३५ टक्के, रंग काळा नाही, तपकिरी-राखाडी. कडेला उजळ रेघ द्यायची तर निवडक झाकणांनाच, १० टक्क्यांवर. प्रत्येक रेघेला उजळ जोडीदार दिला की पृष्ठभाग चॉकलेटच्या वडीसारखा दिसतो.

तिसऱ्या थरात पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट. हे काही मिलिमीटरचेच, म्हणजे एका पिक्सेलच्या आसपास किंवा त्याहून लहान. ५ ते १२ टक्के ओपॅसिटी आणि तेही फक्त जिथे उजेड तिरपा घासून जातो तिथे. बाकी विमानभर रिव्हेट नाहीत असं समजा.

मग तिन्ही लेअरना मिळून एक मास्क (लेअरचा भाग झाकणारा पडदा) लावा आणि मोठ्या मऊ ब्रशने काही ठिकाणी रेघा पुसट करा. भर उन्हाच्या चकाकीत रेघ विरते, गडद सावलीतही विरते, मधल्या टोनमध्येच दिसते. सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या रेघा हा छापील आराखडा झाला.

मग खऱ्या फोटोत पॅनल इतके ठळक का दिसतात? ते फटीमुळे नाही, शेजारच्या दोन तुकड्यांच्या रंगात किंचित फरक असतो म्हणून. एक झाकण बदललेलं, एक पुन्हा रंगवलेलं, एक उन्हात फिकं पडलेलं. बारा-पंधरा पॅनल निवडा आणि काहींची ब्राइटनेस २ ते ४ टक्के वर, काहींची खाली करा. ओळीने नको, विस्कळीत. पन्नास रेघांनी जो खरेपणा येत नाही तो या पंधरा तुकड्यांनी येतो.

रेघांचा हा ब्रश सगळ्या विमानांना चालत नाही. तेजसच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कार्बन कंपोझिट आहे आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग त्याचाच. तिथे रिव्हेटच्या रांगा मारणं ही सरळ चूक. उलट मिग-२१ किंवा जग्वारचा ॲल्युमिनियमचा पत्रा तिरप्या उजेडात हलकासा लाटांसारखा दिसतो. तिथे चकाकीची कड सरळ न ठेवता जरा थरथरती ठेवा.

पृष्ठभाग: मेटॅलिकचा स्लायडर सोडा

लढाऊ विमान धातूचं असतं, पण दिसतो तो रंग. ब्लेंडरमध्ये रंगवलेल्या भागाचं मेटॅलिक (धातूपणा) शून्य आणि रफनेस (खरखरीतपणा) ०.४५ ते ०.६५ च्या मधे ठेवा. मेटॅलिक अर्ध्यावर नेलं की पूर्ण विमान चॉकलेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळल्यासारखं होतं. धातू दिसतो तो नोझलवर आणि सुखोईच्या मागच्या बाजूला इंजिनांभोवती, जिथे रंगच नसतो. तिथे मात्र पिवळट, तपकिरी, थोडी जांभळी-निळी तापलेली छटा हळूच द्या.

हाताने रंगवताना प्लास्टिकपणा येतो तो पांढऱ्या चकाकीमुळे. मॅट रंगावर बारीक, तेजस्वी पांढरी रेघ पडत नाही. चकाकी पसरट आणि मंद असते. उन्हातल्या राखाडीची ब्राइटनेस ६० ते ६५ टक्के आणि चकाकी ८५ च्या वर जाऊ देऊ नका. शुद्ध पांढरा फक्त कॅनॉपीच्या (वैमानिकावरच्या झाकणाच्या) काचेवर, तोही एखाद्या ठिकाणी. मात्र पृष्ठभाग जिथे आपल्यापासून वळून दूर जातो, त्या कडेला मॅट रंगसुद्धा आकाश परतवतो. फ्यूजलाजच्या (विमानाच्या मधल्या धडाच्या) वरच्या कडेला क्षितिजाच्या रंगाची एक मऊ पट्टी दिली की गोलाई येते.

कॅनॉपी निळी रंगवू नका. ती पारदर्शक आहे; आत अंधार आहे म्हणून गडद दिसते, आणि वर आकाशाचा, खाली जमिनीचा ताणलेला प्रतिबिंबपट्टा असतो. आधी आतली सीट, हेल्मेट, समोरचं पॅनल गडद टोनमध्ये काढा, मग वरून प्रतिबिंब स्क्रीन मोडमध्ये.

डाग-मळ, आता कुठे

इथे थोडक्यात, कारण इथे आवरतं घेणंच महत्त्वाचं. उडताना तेलाचे ओघळ हवेच्या दिशेने मागे जातात, उभं असताना खाली. दोन्ही असतात, पण तिसरी दिशा नसते. तोफेच्या तोंडामागे काजळी. पंखाच्या मुळाशी, जिथे तंत्रज्ञ चढतात, तिथे बुटांचे पुसट ठसे. नारिंगी गंज कुठेच नाही: ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम लोखंडासारखे गंजत नाहीत, तरी जुन्या टाकीसारखे गंजलेले ओघळ मिग-२१ वर सर्रास दिसतात. हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त केलं, त्यामुळे आता त्याची खूप चित्रं निघतात, आणि ‘जुनं’ म्हणून प्रत्येकाला गंज चढवला जातो. जुनेपण फिक्या पडलेल्या रंगात दाखवा.

वर्तुळचिन्ह बाहेरून केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. ते आणि सगळे आकडे विमानाच्या सावलीखाली हवेत: चिन्हाचा लेअर उजेड-सावलीच्या लेअरच्या खाली ठेवा. वर ठेवलेलं चिन्ह स्टिकरसारखं तरंगतं, आणि स्टिकर खेळण्यालाच असतात.

आग आणि वाफ

दिवसाच्या उजेडात आफ्टरबर्नर (इंजिनामागे जादा इंधन जाळून निघणारी ज्वाळा) फटाक्यासारखा पेटलेला दिसत नाही. नोझलच्या आत तेजस्वी, बाहेर फिकट आणि लवकर विरणारा, मधे एकामागे एक उजळ ठिपक्यांची माळ. संध्याकाळी तोच लांब आणि नारिंगी-निळा. ॲड मोडचा लेअर, दुपारी ३० टक्के, सांजवेळी ७०-८०. नोझलमागची हवा थरथरवायची तर मागचं दृश्य २ ते ४ पिक्सेलच हलवा आणि तो मास्क शेपटीच्या पुढे सांडू देऊ नका.

खाली उडणाऱ्या विमानामागे पांढरा पट्टा काढणं चूक. तो पट्टा साधारण उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंड हवेत, म्हणजे बहुधा आठ किलोमीटरच्या वर तयार होतो. तापीच्या पात्रावरून ३०० मीटरवर जाणाऱ्या विमानामागे ४४ अंशांच्या उन्हात काहीच नसतं. पंखांवरची वाफेची चादर मात्र कमी उंचीवरही येते, ती दमट हवेत आणि कडक वळणात. जुलै-ऑगस्टच्या चित्रात हौसेने काढा, मे महिन्यात नाही. आणि उडत्या विमानावर ‘उड्डाणाआधी काढा’वाल्या लाल फिती राहू देऊ नका, जमिनीवरच्या फोटोवरून काढलेल्या क्षेपणास्त्रांवर त्या हमखास राहतात.

पडद्यावर छान, फ्लेक्सवर बिघडलं

आपल्याकडे अशी चित्रं शेवटी जातात फ्लेक्सवर: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नाहीतर सेवा पूर्ण करून गावी परतणाऱ्या जवानाच्या स्वागताला. इथे चार गोष्टी बिघडतात आणि चारही दुकानात जायच्या आधी आवरता येतात.

विमान लांबट झालं. ६००० बाय ४००० चं चित्र ३:२ आहे, १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ५:३. ऑपरेटर कोपरा धरून ताणतो आणि सुखोई ११ टक्के लांब होतं. फाइल आधीच ५:३ मध्ये करा: ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) ८६४० बाय ५१८४ पिक्सेल. जागा भरायला आकाश वाढवा.

आकाशात पट्टे पडले. ८ बिटच्या फाइलमध्ये आकाश वरून खाली जेमतेम ४० पायऱ्यांत बदलत असेल, तर ४००० पिक्सेलांत प्रत्येक पायरी १०० पिक्सेलची पट्टी होते आणि फ्लेक्सवर ती फुटभरावरूनही दिसते. काम १६ बिटमध्ये करा आणि शेवटी आकाशावर १ ते १.५ टक्का नॉइज टाका. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर हा नॉइज दाबला जाऊन पट्टे परत येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

निळं आकाश जांभळं आलं. छपाईच्या रंगात सायन (निळा) आणि मॅजेंटा (गुलाबी) जवळ आले की असं होतं. दोघांत किमान ३० चं अंतर ठेवा, म्हणजे सायन ७० असेल तर मॅजेंटा ४० च्या आत.

पॅनल दिसेनासे झाले. होऊ द्या. ७२ डीपीआयला एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा, आणि १५ फुटांवरून डोळ्याला साधारण १.३ मिलिमीटरखालचं काही सुटं दिसत नाही. फक्त पहिल्या थराच्या, हलणाऱ्या भागांच्या रेघा दीडपट जाड करा. घाबरून सगळ्याच केल्या तर फाइल पुन्हा पहिल्या तक्रारीवर येते.

राखाडी रंगाचं मात्र आधी सांगता येत नाही. एका मशीनवर तो हिरवट येतो, दुसऱ्यावर गुलाबी. म्हणून पूर्ण फ्लेक्सआधी एक फूट रुंदीची पट्टी मारून घ्या, ज्यात नाक, कॅनॉपी आणि थोडं आकाश येईल. ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उन्हात धरून बघा, आणि छटा दिसली तर फक्त विमानाच्या लेअरवर उलटा रंग ३ ते ५ टक्के द्या. आकाशाला हात लावू नका.